कोल्हापूर ते नागपूर : अंतर किती, वेळ किती?

 

आज बोलण्याची सुरुवात एका प्रश्नाने करू. कोल्हापूरहून नागपूर किती लांब आहे?

हाच प्रश्न आम्ही आमच्या रात्रीच्या वर्गात विचारला होता. उत्तरे भराभर आली. एक आबा म्हणाले, "एक दिवस आणि एक रात्र." दुसरे गृहस्थ बस गाडीवर काम केलेले. ते म्हणाले, "साडेआठशे किलोमीटर." रेल्वेने जाऊन आलेले एक जण म्हणाले, "छे! बाराशे किलोमीटर आहे." शेवटी मागे बसलेला एक पोरगा म्हणाला, "दीड-पावणेदोन तास. विमानानं."

सगळे हसले. पण मंडळी, त्यात खोटे कोणीच बोलत नव्हते. चौघांचीही उत्तरे बरोबर होती. चार माणसे, चार उत्तरे आणि चारही खरी, हे कसे? ते समजून घेऊ या. ते समजले नाही तर माणूस वेळेवर पोचत नाही, पैसे जातात आणि कधी कधी जन्माची हळहळ राहते. आमच्या वर्गातल्या एका मावशींवर तशी वेळ येणार होती. ती टळली. कशी टळली ते पुढे सांगतो. आधी अंतर मोजू.

वर्गात भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा आहे. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेले असते. आमच्या नकाशावर लिहिले आहे, १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर. आम्ही एक दोरा घेतला. त्याचे एक टोक कोल्हापूरवर धरले. कोल्हापूर खाली, दक्षिणेला. दुसरे टोक नागपूरवर नेले. नागपूर वर, उजव्या हाताला, ईशान्येच्या कोपऱ्यात. दोरा ताणून धरला आणि पट्टीने मोजला. भरला ७० सेंटिमीटर. म्हणजे ७०० किलोमीटर. जुन्या हिशेबाने कोस दोन मैलांचा धरला तर सुमारे २२० कोस. हे झाले नाकासमोरचे अंतर. वाटेत नदी असो, डोंगर असो, कोणाचे रान असो, दोरा सरळ जातो. विमानालाही हवेत बांध नाही की कुंपण नाही. म्हणून विमानाचे अंतर या दोऱ्याच्या जवळपास असते. याला हवाई अंतर म्हणतात.

मग तोच दोरा आम्ही मोटारीच्या रस्त्यावरून फिरवला. सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा आणि नागपूर. दोरा वळत वळत गेला. तो भरला सुमारे ८५ सेंटिमीटर, म्हणजे साडेआठशे किलोमीटर. रस्ता दुसरा घेतला तर यात थोडा फरक पडेल.

नंतर दोरा रेल्वेच्या रुळांवरून फिरवला. कोल्हापूरहून नागपूरकडे जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस तुम्हांला ठाऊक असेल. ती पुढे गोंदियाला जाते. ही गाडी कोल्हापुरातून निघते, मिरजेवरून वळून सातारा, पुणे करते. मग दौंड, अहिल्यानगर म्हणजे जुने अहमदनगर, आणि मनमाड. तिथून जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा आणि नागपूर. बघा, गाडी आधी उत्तरेला जाते आणि मग पूर्वेला वळते. शेताच्या मधून न जाता बांधाबांधाने गेल्यासारखे झाले. दोरा भरला १२० सेंटिमीटर, म्हणजे १२०० किलोमीटर.

गावे तीच. पण हवेतून ७००, रस्त्याने ८५०, रुळावरून १२००. म्हणून कोणी अंतर सांगितले की आपण विचारावे, "कोणत्या वाटेने?"

नागपुरात झिरो माइल नावाचा एक दगडी खांब आहे. तिथल्या दगडावर निरनिराळ्या गावांची नावे आणि मैल कोरले आहेत. इंग्रजी अमदानीतले ते काम आहे. ते मैल त्या वेळच्या वाटांचे. विमानाने जाणाऱ्याला त्या आकड्यांचा उपयोग नाही. आकडा खोटा नाही, वाट वेगळी आहे.

आता वेळेकडे वळू.

वेळ काढायची रीत सोपी आहे. अंतराला वेगाने भागायचे. मोटार ताशी ५० किलोमीटर जाते असे धरा. ८५० ला ५० ने भागले की आले १७. म्हणजे १७ तास. रेल्वेला १२०० किलोमीटरसाठी साधारण २६ तास लागतात. वाटेत स्टेशने घेत, थांबत जाते म्हणून.

लहान गावांना येणारी विमाने दोन तऱ्हेची असतात. काही पंख्याची असतात. त्यांच्या दोन पंखांवर दोन मोठे पंखे फिरताना दिसतात. ती ताशी सुमारे ५०० किलोमीटर जातात. दुसरी जेट विमाने. ती ताशी सुमारे ८०० किलोमीटर जातात. आपण पंख्याचे विमान धरू. ७०० ला ५०० ने भागा. आला १ तास आणि २४ मिनिटे.

पण तिकिटावर १ तास ४० मिनिटे लिहिलेले दिसेल. मग वरची सोळा मिनिटे कुठे गेली? तीही बघू.

एस. टी. स्टँडवरून गाडी सुटली की लगेच वेगात धावत नाही. फाटकातून बाहेर पडते, चौक ओलांडते, मग रस्त्याला लागते. विमानाचेही तसेच. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ. त्यानंतर ते चाकांवर सावकाश चालत धावपट्टीच्या टोकाला जाते. दुसरे विमान उतरत असेल तर थांबते. मग धावते आणि उडते. वर चढताना त्याचा वेग कमी असतो. पाच-सहा किलोमीटर उंच गेल्यावर ते पुऱ्या वेगाने जाते. उतरतानाही वेग कमी करावा लागतो. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळसा घ्यावा लागतो. उतरल्यावर पुन्हा चाकांवर चालत जागेवर यायचे. हे सगळे धरून तिकिटावरची वेळ लिहिलेली असते.

आणखी एक गोष्ट म्हणजे वारा. सायकल चालवणाऱ्याला हे सांगायला नको. वारा पाठीशी असला की पाय हलके होतात. वारा तोंडावर आला की सपाट रस्तासुद्धा चढासारखा वाटतो. विमानाचा वेग ५०० आणि वारा ताशी ५० किलोमीटरने पाठीमागून असेल, तर विमान जमिनीवरून ५५० च्या वेगाने पुढे सरकते. तेच ७०० किलोमीटर १ तास १६ मिनिटांत होतात. तोच वारा समोरून आला तर वेग ४५० राहतो आणि १ तास ३३ मिनिटे लागतात. फरक १७ मिनिटांचा. म्हणून जाण्याची वेळ आणि येण्याची वेळ तिकिटावर सारखी नसली तर छापण्यात चूक झाली असे समजू नये.

इथपर्यंत हिशेब विमानाचा झाला. आता माणसाचा हिशेब करू. माणूस काही विमानतळावर राहत नाही. तो गावात राहतो.

आमचे गाव गगनबावड्याच्या वाटेवर, कोल्हापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, शहराच्या पलीकडच्या बाजूला. गावातून निघून नागपुरात मुलीच्या दारात पोचायचे आहे असे धरू. थेट विमान आहे असेही धरू. फळ्यावर आम्ही असे लिहिले :

गाव ते कोल्हापूरचे रंकाळा स्टँड, एस. टी. ने : १ तास ३० मिनिटे.
स्टँड ते उजळाईवाडी, रिक्षा किंवा के. एम. टी. ने : ४५ मिनिटे.
विमानतळावर आधी पोचणे : २ तास.
विमानाचा प्रवास : १ तास ४० मिनिटे.
नागपूरला उतरून सामान घेणे : ३५ मिनिटे.
सोनेगावच्या विमानतळावरून शहरात घरी : ४५ मिनिटे.

बेरीज करा. ७ तास १५ मिनिटे. सव्वासात तास!

यात हवेतला प्रवास किती? १ तास ४० मिनिटे. म्हणजे रुपयात चार आणेसुद्धा नाहीत. बारा आण्यांहून जास्त वेळ जमिनीवर जातो. म्हणून "पावणेदोन तासांत नागपूर" असे कोणी म्हटले की समजावे, तो विमानाचे बोलतो आहे, आपले बोलत नाही.

कोणी विचारेल, दोन तास आधी कशाला जायचे? एस. टी. आपण धावत जाऊन पकडतो. विमान तसे पकडता येत नाही. दारावर तिकीट आणि ओळखपत्र पाहतात. दोन्हींवरचे नाव सारखे लागते. आत मोठे सामान वजन करून द्यायचे असते. ती खिडकी साधारण एक तास आधी बंद होते. मग अंगाची आणि हातातल्या पिशवीची तपासणी होते. विमानात शिरायचे दारही सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद करतात. नेमकी वेळ तिकिटावर लिहिलेली असते. दार बंद झाले, विमान डोळ्यांसमोर उभे असले, तरी आत घेत नाहीत. रडून, हात जोडून उपयोग नाही. नियमच तसा आहे.

आता त्या मावशींची गोष्ट.

मावशी आमच्या वर्गात दीड वर्षापूर्वी आल्या. वय साठीच्या पुढे. आधी सही शिकल्या, मग बाराखडी, मग आकडे. आपले आकडे आले तेव्हा म्हणाल्या, "बसवरचं आकडं येगळंच असत्यात. ते बी शिकवा." खरेच होते. तिकिटावर, पावतीवर, फोनवर इंग्रजी आकडे असतात. तेव्हापासून आम्ही वर्गात दोन्ही आकडे शिकवतो.

मावशींची लेक नागपूरला दिलेली. एका महिन्याच्या दहा तारखेला संध्याकाळी फोन आला. लेकीचे पोटाचे ऑपरेशन ठरले होते. चौदा तारखेला सकाळी आठ वाजता. लेक फोनवर एवढेच म्हणाली, "आये, आत नेतील तवा तू जवळ पाहिजेस."

मावशींचा भाचा हुशार, कामाला चटपटीत. तो लगेच तालुक्याला गेला आणि विमानाच्या वेळा कागदावर छापून घेऊन आला. पैसे अजून भरायचे होते. तो कागद घेऊन तो वर्गातच आला.

"मावशे, काळजी करू नगंस. इमानात बसलीस की दोन-अडीच तासांत नागपूर! पैशाचं मी बघतो."

मावशींच्या जिवात जीव आला. सगळ्यांनी भाच्याला शाबासकी दिली. आम्हीही दिली. कागद कोणीच नीट वाचला नव्हता.

मावशींनी चष्मा लावला. कागद दिव्याखाली धरला. अक्षरे इंग्रजी होती, ती त्यांना येत नव्हती. पण आकडे येत होते. बोट ठेवून ठेवून त्या आकडे वाचू लागल्या. मग थांबल्या.

"आरं, हितं तेरा लिवलंय आन् हितं चौदा. ह्ये कसं?"

भाचा म्हणाला, "असंल काय तरी."

मावशी म्हणाल्या, "असंल काय तरी न्हवं. बघ जरा."

मग आम्ही तो कागद फळ्यावर उतरवला. विमान थेट नव्हते. त्या दिवसांत सोयीचे थेट विमान मिळत नव्हते. आधी कोल्हापूर ते मुंबई आणि मग मुंबई ते नागपूर असे ते तिकीट होते. बारा तारखेला जागा नव्हती, म्हणून तेरा तारीख धरली होती.

पहिले विमान : तेरा तारीख. सुटणार १६:१०, मुंबईला पोचणार १७:१५.
दुसरे विमान : चौदा तारीख. सुटणार ०५:५०, नागपूरला पोचणार ०७:२०.

१६:१० म्हणजे काय? विमानाचे आणि रेल्वेचे घड्याळ चोवीस तासांचे असते. बाराच्या पुढचा आकडा आला की त्यातून बारा वजा करायचे. सोळातून बारा गेले, उरले चार. म्हणजे दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. ०५:५० म्हणजे पहाटेचे पाच पन्नास.

पहिला प्रवास १ तास ५ मिनिटांचा. दुसरा १ तास ३० मिनिटांचा. बेरीज २ तास ३५ मिनिटे. भाचा खोटे बोलत नव्हता. पण मध्ये काय होते? संध्याकाळी सव्वापाचला मुंबईत उतरायचे आणि पहाटे पाच पन्नासला पुढचे विमान धरायचे. मध्ये १२ तास ३५ मिनिटे. सगळी रात्र मुंबईच्या विमानतळावर बसून काढायची.

अंतरही वाढले होते. कोल्हापूरहून मुंबई हवेतून सुमारे ३०० किलोमीटर. मुंबईहून नागपूर सुमारे ६८० किलोमीटर. बेरीज ९८०. नाकासमोरचे ७०० किलोमीटर. म्हणजे विमानसुद्धा वाट वाकडी करून चालले होते.

आता घरापासून हिशेब केला. तेरा तारखेला दुपारी बाराच्या आत गाव सोडायचे. चौदा तारखेला सात वीसला नागपूर. सामान घेईपर्यंत पाच मिनिटे कमी आठ. दवाखान्यात पोचेपर्यंत आठ चाळीस.

ऑपरेशन आठ वाजता होते.

वर्ग एकदम शांत झाला. भाच्याचा चेहरा उतरला. मावशींनी विचारले, "मग आगीनगाडी कवा पोचती?"

पुन्हा फळा पुसला. बारा तारखेला सकाळी अकराला गाव सोडायचे. दुपारी कोल्हापुरातून महाराष्ट्र एक्सप्रेस धरायची. तेरा तारखेला संध्याकाळी नागपूर. सातच्या सुमारास लेकीच्या घरी. प्रवास ३२ तासांचा. विमानाच्या तिकिटाने सगळे मिळून २० तास ४५ मिनिटे लागत होते. रेल्वेने सव्वाअकरा तास जास्त. पण रेल्वे आदल्या दिवशी निघत होती, म्हणून ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पोचत होती. बसही होती. पण मावशींचे गुडघे दुखतात, सतरा तास पाय दुमडून बसणे त्यांना झेपले नसते. रेल्वेत आडवे होता येते.

अकरा तारखेला सकाळी भाच्याने तत्काळ तिकीट काढले. त्या तिकिटाची खिडकी आदल्या दिवशी सकाळी उघडते. दोघे बारा तारखेला निघाले. गाडी नागपूरला थोडी उशिरा पोचली, तरी रात्रीचे जेवण मावशींनी लेकीच्या घरीच केले. चौदा तारखेला सकाळी लेकीला आत नेले तेव्हा तिचा हात मावशींच्या हातात होता. ऑपरेशन नीट झाले. महिन्याने मावशी परत आल्या. वर्गात येऊन म्हणाल्या, "म्या काय केलं? नुस्तं तेरा आन् चौदा वाचलं."

मंडळी, नुसते तेरा आणि चौदाच वाचले. पण तेवढे वाचता आले नसते तर काय झाले असते?

यावरून विमान वाईट असे आम्ही म्हणत नाही. उलट थेट विमान असते आणि ते योग्य दिवशी असते, तर सव्वासात तासांत मावशी लेकीच्या दारात असत्या. बत्तीस तासांचे हाल वाचले असते. आजारी माणूस, बाळंतीण, परीक्षेला जाणारा मुलगा, दीक्षाभूमीला जाणारे म्हातारे आई-वडील किंवा विदर्भातून अंबाबाईच्या दर्शनाला येणारे कुटुंब यांना विमान सोयीचे आहे. विमानात आपण बसायचे नाही, ते साहेबलोकांचे, असे मनात आणण्याचे कारण नाही. २०१६ साली सरकारने उडान नावाची योजना जाहीर केली. लहान गावांना विमान मिळावे आणि त्यातल्या काही जागांचे भाडे आवाक्यात राहावे हा तिचा हेतू. २७ एप्रिल २०१७ ला या योजनेतली पहिली विमाने उडाली. त्यांत आपल्या नांदेडहून हैदराबादला जाणारे विमानही होते. पण एक ध्यानात ठेवावे. लहान गावांची विमाने सुरू होतात, बंद पडतात, दिवस बदलतात. गेल्या वर्षी कोणी गेले म्हणून यंदा ते विमान असेलच असे नाही. दर वेळी नव्याने विचारावे.

जोडविमानाची खोड तर फार जुनी आहे. १९४९ साली आपल्या देशात रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून विमाने रात्री टपालाच्या थैल्या घेऊन निघत आणि नागपूरला एकत्र येत. नागपूर मध्यावर आहे म्हणून. तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने परत जात. मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्याला पोचे. मोठी सोय झाली. पण चारांतले एक विमान अडले तर त्याच्या थैल्यांची वाट बघण्याची वेळ बाकीच्यांवर येणार, हे उघड आहे. आजही गाठ तीच आहे. पहिले विमान उशिरा आले तर दुसरे चुकते. म्हणून दोन विमानांच्या मध्ये वेळ फार नको, तसा अगदी थोडाही नको.

आता शेवटी पाच गोष्टी सांगतो. वहीत लिहून घ्या.

पहिली. तारीख वाचा. निघण्याची वाचा, पोचण्याचीही वाचा. दोन्ही सारख्या आहेत का ते पाहा. रात्री बारानंतर तारीख बदलते हे विसरू नका. तिकिटावर चौदा तारीख आणि ००:३० लिहिले असेल, तर विमान तेरा तारखेच्या रात्री, बारा वाजून अर्ध्या तासाने सुटते. चौदा तारखेच्या रात्री गेलात तर ते केव्हाच निघून गेलेले असेल. ही चूक शिकलेलेसुद्धा करतात.

दुसरी. विमान थेट आहे की मध्ये बदलायचे आहे? बदलायचे असेल तर मध्ये किती तास?

तिसरी. ते विमान रोज आहे की काही वारांनाच? परतीचे कोणत्या वारी?

चौथी. वेळ दारापासून दारापर्यंत मोजा. आपल्या उंबऱ्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत. एस. टी. ची वाट पाहण्याचा वेळसुद्धा धरा.

पाचवी. नाव आणि सामान. ओळखपत्रावर जसे नाव आहे तसेच तिकिटावर हवे. सामान किती किलो नेता येते ते तिकिटावर लिहिलेले असते, ते वाचा. कोयता, विळी, आगपेटी हातच्या पिशवीत ठेवू नका. सुके खोबरेही लवकर पेटते म्हणून चालत नाही. लेकीकडे जाताना आपण खोबरे हमखास बांधतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

आणि हे सगळे करताना "कोणत्या वाहनाचा वेग जास्त?" एवढेच विचारू नका. "मला केव्हा पोचायचे आहे, आणि कोणते वाहन त्याच्या आधी पोचवते?" असे विचारा. कधी त्याचे उत्तर विमान येईल, कधी रेल्वे येईल, कधी आपली एस. टी. येईल. ज्याचे त्याने फळ्यावर मांडून पाहावे.

उद्यासाठी एक काम देतो. तुमचे जे माणूस लांब राहते, लेक असो, मुलगा असो, भाऊ असो, त्याच्या गावाचे नाव वहीत लिहा. आपल्या दारापासून त्याच्या दारापर्यंतचे टप्पे एकाखाली एक लिहा. प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो ते समोर लिहा. खाली बेरीज करा. आज जायचे नसले तरी करून ठेवा. फोन रात्री-अपरात्री येतो. तेव्हा हिशेब करायला मन ताळ्यावर नसते. वही उघडली की हिशेब तयार पाहिजे.

मावशींनी आपली वही लिहिली आहे. पहिल्या पानावर कोल्हापूर ते नागपूर. खाली तीन ओळी. रेल्वेने ३२ तास. थेट विमानाने सव्वासात तास. आणि तिसऱ्या ओळीत त्यांच्या स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : "तारीक दोनदा वाचावी."

तारीख हा शब्द त्यांनी चुकीचा लिहिला आहे. आम्ही तो अजून सुधारलेला नाही. सांगणे बरोबर आहे.

राम राम.